बोअरला समुद्र लागला

प्रवाळ आजारी आहे हे आधी कोणाच्या लक्षात आलं, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. माझी बायको सुधा म्हणते तिच्या. आई म्हणते तिच्या. वास्तविक माझ्याकडे लेखी पुरावा आहे. मी सरकारी कचेरीत अठ्ठावीस वर्षं नोंदी ठेवत आलो आहे आणि हॉलमधल्या काचेच्या टाकीचीही एक नोंदवही ठेवली आहे. तिच्यात रोज सकाळी एक ओळ असते : ‘टाकी पाहिली. दोन मासे हजर. प्रवाळ उमललेले. स्थिती जैसे थे.’ पोळ्याला पाच दिवस राहिले होते त्या गुरुवारी मी लिहिलं, ‘प्रवाळ मिटलेले. कारण समजून येत नाही.’ तारीख आहे, वेळ आहे, खाली सही आहे. पण घरातल्या बायकांना दप्तराचं महत्त्व पटवून देणं मी आता सोडलं आहे.

हिंगोलीपासून समुद्र कुठल्याही दिशेने निघालं तरी शेकडो किलोमीटर लांब. आमच्या घरी तो टीव्ही आणि शोकेस यांच्यामध्ये आहे. दोनशे लिटरचा. आमची मुलगी मधुवंती समुद्रातल्या जिवांचं शास्त्र शिकली आणि तिला मागच्या वर्षी रत्नागिरीला नोकरी लागली. म्हणजे खरा समुद्र तिच्या दारात आला आणि तिने पाळलेला समुद्र आमच्या हॉलमध्ये राहिला. त्यातलं हे प्रवाळ तिने आणलं तेव्हा अंगठ्याच्या नखाएवढं होतं. मऊ जातीचं, कोणाच्या तरी टाकीतच वाढवलेलं. त्याची पावती मी फाइलला लावून ठेवली आहे. चार वर्षांत ते चांगलं बशीएवढं झालं. आकार भूछत्राचा, आणि वरून बारीक बारीक फुलांसारखी शेकडो बोटं बाहेर काढून दिवसभर हलत असतं. ही सगळी बोटं आत ओढून घेऊन ते आता मेण चोपडल्यासारखं चकाकत, एका अंगाला कलून बसलं होतं.

मधुवंती जाताना एवढंच म्हणाली होती, “बाबा, तुम्हाला जमेल ना?” घर सोडून जाताना तिने आमच्याकडे दुसरं काही मागितलं नाही. मी तिला म्हणालो होतो की ज्या माणसाने सतरा साहेबांना सांभाळलं, त्याला जागचा न हलणारा एक जीव जड नाही. हे वाक्य त्या वेळी मला फार आवडलं होतं. आता ती तेरा दिवसांनी महालक्ष्म्यांना घरी येणार होती, आणि आल्या आल्या, चप्पल काढायच्या आधी, ती कुठे बघणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सुधा म्हणाली, तिला फोन करून विचारा. हा सल्ला बरोबर होता, म्हणूनच तो मला झोंबला. मी तिला समजावलं की मुलगी नवीन नोकरीत आहे, उगाच तिच्या जिवाला घोर कशाला. खरं कारण ते सतरा साहेबांचं वाक्य होतं. मधुवंती दर रविवारी टाकीचा फोटो मागायची. मी त्या रविवारी आषाढातला एक फोटो पाठवून दिला. यात खोटं काही नव्हतं, फोटो आमच्याच टाकीचा होता.

तिने जाताना लिहून दिलेली सूचनांची वही मी काढली. खारेपणा बघितला, ठीक. पाण्याचं तापमान बघितलं, ठीक. दिवे, पंप, सगळं ठीक. वहीत शेवटच्या पानावर लाल शाईने लिहिलं होतं : ‘तांबे = विष. कणभरही नको.’ त्यावर विचार करण्याचं कारण नव्हतं. आमच्या टाकीत तांब्याचं काही नव्हतंच. मी वही मिटली, गेल्या वर्षी कचेरीतल्या सत्कारात मिळालेल्या, ‘श्री. अ. वि. औंढेकर’ असं नाव कोरलेल्या माझ्या तांब्याच्या बाटलीतून दोन घोट पाणी प्यालो आणि पुढच्या कार्यवाहीला लागलो.

पुढची कार्यवाही म्हणजे राठोडसाहेब. प्रेमदास राठोड आमच्या शेजारी राहतात. कृषी खात्यातून पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झाले, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. गणपतीच्या आरतीलाही ते जास्वंदीच्या पानाची मागची बाजू बघतात. ते आले, टाकीसमोर उकिडवे बसले, खिशातून भिंग काढलं आणि बराच वेळ बघून म्हणाले, “बराबर ओळखलं म्या. ही भुरी हाय, साहेब.”

मी त्यांना सांगितलं की भुरी पिकांवर पडते, आणि हे झाड नसून प्राणी आहे. त्यावर ते माझ्याकडे अशा नजरेने बघू लागले की जणू पस्तीस वर्षं त्यांना शेतकऱ्यांचं असलंच ऐकून घ्यावं लागलं होतं. एका जागी उभं राहतं, उजेडावर जगतं, फांदी तोडून लावली की दुसरं येतं, आणि तुमी याला जनावर म्हणता, असं त्यांनी मला विचारलं. त्यांनी निंबोळी अर्क सुचवला, पाच टक्के. मी नको म्हणालो. मग त्यांनी खतातलं पालाश कमी पडतंय का ते बघायला सांगितलं. तेही मी नको म्हणालो. शेवटी ते उठले आणि दुखावलेल्या आवाजात म्हणाले की मग तुमच्या जनावराला जनावराच्या डॉक्टरकडे न्या.

राग सोडला तर या बोलण्यात तथ्य होतं. दुसऱ्या दिवशी शनिवारची सुट्टी होती, म्हणून मी जनावरांच्या एका दवाखान्यात गेलो. प्रवाळ काही सोबत नेता येत नव्हतं, म्हणून त्याचे फोटो नेले. रांगेत माझ्यापुढे एक म्हैस आणि मागे दोन शेळ्या. खिडकीवरच्या बाबूने रजिस्टर पुढे ओढलं आणि विचारलं, गाय का म्हैस. मी म्हणालो, प्रवाळ. त्याने शांतपणे ‘इतर’ या रकान्यात खूण केली. इथपर्यंत मला त्याचं कौतुकच वाटलं. मग त्याने कानातल्या बिल्ल्याचा नंबर मागितला. बिल्ला नसेल तर पुढचा कागद निघत नाही, हे त्याचं म्हणणं नियमाला धरून होतं. कान नाही हे माझं म्हणणंही वस्तुस्थितीला धरून होतं. आम्ही दोघे एकाच मातीचे. कोणीच आवाज चढवला नाही, आणि कोणीच मागेही हटेना. माझ्या मागची शेळी तेवढ्यात माझ्या पिशवीची कड खाऊ लागली.

आतून डॉक्टरीणबाई आल्या. डॉ. वैष्णवी, वयाने आमच्या मधुवंतीएवढ्या. त्यांनी फोटो नीट बघितले. आपलं शिक्षण गाई-म्हशींवर झालंय आणि यातलं आपल्याला काही कळत नाही, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं. एवढा प्रामाणिकपणा मला अपेक्षित नव्हता. मग म्हणाल्या, “काका, खाणंपिणं आणि पाणी बराबर असेल तर दोन आठवडे त्याला हातच लावू नका. कधी कधी जनावराला नुसतं राहू द्यावं लागतं.” मी आभार मानले आणि बाहेर पडलो. पण मनातून मला हा सल्ला अपमानास्पद वाटला. काहीच न करणं हे ज्याला कोणी नाही त्याच्यासाठी ठीक आहे. मी बाप होतो आणि माझ्याकडे अकरा दिवस होते.

संध्याकाळी राठोडसाहेब पुन्हा आले. त्यांना भांडून करमत नाही. ‘पाणी बराबर असेल तर’ एवढेच शब्द त्यांनी उचलले. पाणी बराबर आहे हे कशावरून, असा त्यांचा सवाल होता. त्यांच्या हाताखाली तयार झालेला सोनाजी नावाचा एक जण आखाडा बाळापूरला खाजगी माती-पाणी परीक्षण केंद्र चालवतो. खारेपणापासून जस्त, लोह, तांब्यापर्यंत सगळं काढून देतो. नमुना फक्त चांगल्या, स्वच्छ बाटलीत आणायचा, आणि रात्रभर मुरू द्यायचा म्हणजे गाळ खाली बसतो. सुधा कोल्ड्रिंकची एक रिकामी बाटली घेऊन आली. मी ती परत पाठवली. लेकीच्या चार वर्षांच्या मेहनतीचा नमुना आणि तो कोल्ड्रिंकच्या बाटलीत, हे मला पटेना. मी घरातली सगळ्यांत चांगली बाटली घेतली, स्वतः घासली, स्वतः भरली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आम्ही दोघे त्यांच्या मोटरसायकलवर बाळापूरला गेलो. फॉर्मवर एक रकाना होता : ‘पाण्याचा स्रोत – विहीर, बोअर, कालवा.’ हॉल असा पर्याय नव्हता. मी पेन हातात धरून विचार करत राहिलो, तेव्हा राठोडसाहेबांनी फॉर्म माझ्याकडून काढून घेतला आणि ‘बोअर’वर खूण केली. वर पत्ता लिहिला, कयाधू विहार कॉलनी. मी हरकत घेतली. ते म्हणाले, “कागद हाय साहेब, कुठंतरी खूण तर करावं लागते. कोण बघून राहिलं?”

हे वाक्य एका सरकारी नोकराने दुसऱ्या सरकारी नोकराला म्हणावं आणि त्याने ते ऐकून घ्यावं, याची मला आजही लाज वाटते.

बघणारा सोनाजीच होता. त्याने नमुना तपासला तेव्हा यंत्राचा आकडा वर जो गेला तो खाली यायलाच तयार नव्हता. त्याने तीनदा तपासला. बारा वर्षांत त्याने बोअरचं असं पाणी बघितलं नव्हतं. तो प्रामाणिक माणूस. आपल्या गुरूच्या कॉलनीतल्या लोकांच्या पोटात हे पाणी जातंय या काळजीने त्याने आम्हाला काही कळवायच्या आधी वर कळवलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलनीत पाणीपुरवठा खात्याची एक जीप आली. दोन साहेब उतरले, एक दाढीवाला आणि एक बिनदाढीचा. त्यांनी कॉलनीच्या सामाईक बोअरची मोटर बंद केली, पेटीला कागद चिकटवला आणि तपासणी पूर्ण होईपर्यंत पाणी वापरू नये असं सांगितलं.

मी कचेरीतून जेवायला घरी आलो तर कॉलनीत गर्दी. आमच्या कॉलनीच्या सेक्रेटरी शिलाताई हातात कागद घेऊन मारुतीच्या ओट्यावर उभ्या होत्या. ‘अतिक्षारयुक्त. कोणत्याही पिकास देऊ नये. गुरांस पाजू नये’, असं त्या मोठ्याने वाचत होत्या, आणि आपण हे पाणी नऊ वर्षं पीत आलोय असं म्हणत लोक एकमेकांकडे बघत होते. एकाला आपले केस कशाने गेले ते आत्ता कळलं. दुसऱ्याला वरणात मीठ जास्त होतं म्हणून बायकोशी झालेली सगळी भांडणं आठवली, आणि तो सगळ्यांसमोर तिची माफी मागायच्या बेतात आला. जमिनीखालून समुद्र इथवर कसा येतो, याची उपपत्तीही कोणीतरी मांडली. राठोडसाहेब गर्दीच्या कडेला उभे राहून आकाशाची मागची बाजू बघत होते.

माझ्यापुढे दोन मार्ग होते. एक, गप्प राहणं. तपासणी झाली असती, बोअर गोडच निघाला असता, प्रकरण आपोआप नस्तीबद्ध झालं असतं. पण शिलाताईंच्या मागे दोन बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या, आणि त्यांच्यातली एक माझी सुधा होती. ती माझ्याकडे बघत होती. मी ओट्यावर चढलो. सभेत बोलायची मला सवय आहे, पण आभारप्रदर्शनाची. मी म्हणालो की सदर पाणी हे बोअरचं नसून माझ्या हॉलमधलं आहे, आणि ते खारं आहे कारण ते खारंच असायला पाहिजे.

पुढचा तासभर अख्खी कॉलनी चार-चारच्या गटांनी आमच्या हॉलमधून फिरली. साहेबही आले. दाढीवाल्याने टाकीत बोट बुडवून जिभेला लावलं, मान डोलावली आणि बिनदाढीच्याला लिहून घ्यायला सांगितलं. मग माझ्याकडून लेखी खुलासा घेतला. सरकारी नोकराने दिशाभूल करणारा नमुना दिल्याबद्दल खुलासा. अठ्ठावीस वर्षांत मी असे दोनशे तरी खुलासे इतरांकडून घेतले असतील. ‘यापुढे अशी चूक होणार नाही’ हे वाक्य लिहायला एवढं जड असतं, याची मला कल्पना नव्हती. बोअर चालू झाला. जाताना बहुतेकांनी प्रवाळ बघून ‘गेलं हे’ असं म्हटलं, काहींनी नुसतं च् च् केलं.

सगळे गेल्यावर शिलाताईंनी तो रिपोर्ट माझ्या हातात दिला, आणि तेव्हा मी तो पहिल्यांदा पूर्ण वाचला. सगळ्यांत खाली एक ओळ होती. ‘तांबे : मर्यादेपेक्षा बरेच जास्त.’ राठोडसाहेबांनी खांद्यावरून वाचलं आणि खूश होऊन म्हणाले की पिकाला तांबं लागतंच. माझ्या डोळ्यांपुढे मात्र वहीतली लाल शाई आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तांबं येतंय कुठून ते बघायला, मी टाकीवर पाळत ठेवली. पाळत म्हणजे सोफ्यावर बसून पेपर तोंडासमोर धरला. साडेसहाला आई देवघरातून बाहेर आली. आमची आई सखुबाई, वय एक्क्याऐंशी. हातात तांब्याचं ताम्हन आणि पळी. ती टाकीपाशी आली, काचेला नमस्कार केला, झाकण जरासं सरकवलं आणि ताम्हनातल्या पाण्याची एक पळी आत सोडली.

मी पेपर खाली ठेवला. काय करतेस, असं मी विचारलं, आणि तिने अगदी सहज सांगितलं की नारळी पौर्णिमेपासून ती रोज समुद्राला एक पळी देते. जन्मात समुद्र बघितला नाही, म्हणाली. आता घरी आलाय तर त्याला तसंच कसं ठेवायचं. नारळ टाकायचा विचार होता, पण माशांना लागेल म्हणून टाकला नाही.

यावर मी काय बोललो ते मला इथे लिहायचं नाही, पण लिहितो, कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही. मी म्हणालो, “आई, तू रोज पळीपळीने विष घातलंस त्याला. मधुवंतीचं चार वर्षांचं लेकरू मारलंस तू.”

आईने ताम्हनाकडे बघितलं, मग टाकीकडे. ताम्हन आत नेऊन ठेवलं. सुधा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे जे बघितलं ते बोअरच्या वेळेपेक्षा वाईट होतं. मला वाटलं, खरं आहे ते खरं आहे. माझ्याकडे रिपोर्ट होता.

त्या दिवसापासून आईने चार वाजताचा चहा सोडला. देवपूजा करायची, पण घंटी वाजवायची नाही. दुपारी टाकीसमोर स्टूल घेऊन बसायची आणि प्रवाळाकडे बघत राहायची. एकदा मी ऐकलं, ती त्याला म्हणत होती, “मला काय ठाऊक रे बाबा. सांगायला पाहिजे होतं न कोनी.” मी कचेरीची पिशवी घेऊन मागच्या दाराने बाहेर पडलो. इकडे माझी कार्यवाही चालूच होती. मधुवंतीला न सांगता पुण्याहून तांबं शोषून घेणाऱ्या काळ्या कोळशाची पुडी मागवली, पाणी थोडं थोडं बदललं. प्रवाळाला काही फरक पडला नाही. उलट त्याच्या अंगावर आता एक पांढुरकी, मळकट साल दिसू लागली आणि कडेने सुटू लागली. मी नोंदवहीत ‘स्थिती’ असं लिहिलं आणि पुढे काय लिहावं ते न सुचून तसंच ठेवलं.

मधुवंतीची ट्रॅव्हल्स सकाळी नाक्यावर थांबली. मी स्कूटर घेऊन गेलो होतो. रस्त्यात सांगून टाकायचं असं ठरवलं होतं, वाक्यंही तयार होती. पण ती मागे बसून एकसारखी बोलत होती, महालक्ष्म्यांच्या साड्या कोणत्या, भाज्या सोळा का सोळाच्या वर, आजीचे पाय कसे आहेत. मी हं हं करत राहिलो. दारात स्कूटर लावता लावता मी म्हणालो, “मधू, एक मिनिट, आत जायच्या आधी...” पण ती चपलांसकट आत गेली होती.

मी दारातच उभा राहिलो. आई स्टुलावरून उठून भिंतीला टेकली होती. मधुवंती टाकीसमोर वाकली. मला तिची पाठ तेवढी दिसत होती.

“बाबा, कधीपासून?”

“तेरा दिवस,” मी म्हणालो. “नोंद आहे.”

“मग झालंच की. कात टाकतंय ते.”

तिने बाही वर केली, टाकीत हात घालून पंपाचं तोंड प्रवाळाकडे वळवलं. पाण्याचा झोत लागला तशी ती मळकट साल दुधावरच्या सायीसारखी उचलली गेली, फाटली आणि पाण्यात तरंगत निघाली. खाली नवंकोरं अंग होतं, फिकट बदामी. ही जात वर्षातून एक-दोनदा असं करते, मधुवंती सांगत होती. बोटं आत ओढते, वर मेणासारखा पापुद्रा धरते, आठ-पंधरा दिवस मेल्यासारखी बसते, मग सगळं झटकून पहिल्यापेक्षा जास्त फुलते. त्या वेळी काही करायचं नसतं. नुसतं राहू द्यायचं असतं. हे मी वहीत लिहायला विसरले, म्हणाली.

मी सोफ्यावर बसलो. डॉ. वैष्णवी, कानातला बिल्ला, शेळी, जीप, खुलासा, सगळं डोळ्यांसमोरून गेलं आणि मला त्यातल्या कशाचंच काही वाटेना. ते जिवंत होतं. मला हसू येत होतं, ते लपवायला मी खोकलो.

आई भिंतीपाशीच होती. ती हळूच म्हणाली, “आन् तांबं?”

मग सगळं सांगावं लागलं. मी रिपोर्ट काढून दिला. मधुवंतीने पिशवीतून एक छोटी नळी आणि थेंबांची बाटली काढली. हे असलं सामान तिच्या पिशवीत साड्यांच्या आधी भरलेलं असतं. टाकीचं पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले, उजेडाला धरलं. पाण्याचा रंग बदलला नाही. पुडीतल्या कोळशाने गेलं असेल, मी म्हणालो. तिने मान हलवली. रिपोर्टमध्ये आहे तेवढं तांबं टाकीत असतं तर पहिल्या दिवशीच यातलं काही उरलं नसतं, आणि रोजच्या एका पळीने दोनशे लिटरमध्ये काहीसुद्धा होत नाही, असं तिचं म्हणणं पडलं.

“मग रिपोर्टमध्ये आलं कुठून?” ती स्वतःशीच म्हणाली आणि माझ्याकडे वळली. “बाबा, नमुना कशात नेला होता?”

सुधा टेबलाकडे बघत होती. टेबलावर माझी तांब्याची बाटली होती, नाव सगळ्यांकडे करून. रात्रभर मी तिच्यात खारं पाणी मुरवलं होतं. स्वतः घासून, स्वतः भरून.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. आई दोन पावलं पुढे आली आणि बाटलीकडे बघत म्हणाली, “म्हंजे मी न्हाई मारलं त्याला.”

“ते मेलंच नाही, आजी,” मधुवंती म्हणाली.

“ते झालं गं. पण मी न्हाई.”

मी उठलो आणि तिच्या पाया पडायला वाकलो. तिने पाय मागे घेतले. हे तोंडी नको, म्हणाली. काहून, तर मी जे बोललो ते तिच्या मनात तसंच राहिलं होतं, आणि तोंडी गोष्टीचं काही खरं नसतं हे ती माझ्याकडूनच अठ्ठावीस वर्षं ऐकत आली होती. तिला ते वहीत पाहिजे होतं.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी सकाळी प्रवाळाने सगळी बोटं बाहेर काढली. एवढी की देठ दिसेना. हळदी-कुंकवाला आलेल्या शिलाताई आधी महालक्ष्म्यांसमोर आणि मग टाकीसमोर उभ्या राहिल्या आणि कॉलनीच्या पुढच्या सभेत विषय घेऊ म्हणाल्या, कोणता ते सांगितलं नाही. आई देवघरातून आली. हातात स्टीलची पळी आणि स्टीलची वाटी, मधुवंतीने मंजूर केलेली, पाणीही गाळलेलं. एक पळी आत सोडली. चार वाजता तिने स्वतःहून चहा मागितला.

मी नोंदवही काढली आणि लिहिलं : ‘टाकी पाहिली. दोन मासे हजर. प्रवाळ पूर्ण उमललेले. मागील प्रकरणी सखुबाई यांचा काहीही दोष नाही. दोष अधोस्वाक्षरीकाराचा आहे.’ खाली सही केली, तारीख टाकली. आईला वाचायला येतं, पण चष्मा सापडत नाही म्हणाली, तूच वाच. मी वाचलं. पुन्हा वाच म्हणाली. अधोस्वाक्षरीकार म्हणजे कोण, तेही विचारून माझ्या तोंडून ‘मी’ असं वदवून घेतलं. मग बशीतला चहा संपवून तिने सुधाला राठोडसाहेबांना बोलावून आणायला पाठवलं. ते आले, भिंग खिशात ठेवून खुर्चीवर बसले, आणि मी उभा राहून तीच नोंद पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.